अंगठा कोणाचा, कबुली कशाची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे या मांडवात पुष्कळ आहेत आणि ते बोलतीलच. आम्ही आज वेगळा विषय घेऊन उभे आहोत. तो ऐकताच काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातील, त्याला आमची हरकत नाही. विषय आहे पासवर्डचा. म्हणजे आपण आपणच आहोत, हे यंत्राला पटवायचे कसे आणि ते पटवताना आपला खिसा सांभाळायचा कसा, याचा.

हा शहरातल्या पोरांचा विषय आता राहिलेला नाही. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवा, असा नियम आला. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीत गेली. पीएम किसानचा हप्ता ई-केवायसी केल्याशिवाय सुटत नाही. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांच्या दारात शेतकरी ओळख क्रमांक विचारला जाऊ लागला. वावर आपले, घाम आपला, पण दारावरचा यांत्रिक पहारेकरी आधी विचारतो, ‘तू कोण?’ उत्तर त्याला पटले नाही तर तो हप्ता अडवतो. उलट आपले उत्तर दुसऱ्याच कोणी पाठ केले तर पैसे त्याच्या हाती देतो. दोन्हीकडून मरण आपलेच.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मराठेशाहीतले जुने महजर आणि खरेदीखते पाहा. पाटलाच्या नावापाशी ‘निशाणी नांगर’ असे लिहिलेले असते आणि शेजारी नांगराचे चित्र. कुलकर्ण्याची निशाणी लेखणी. बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. आता नांगराचे चित्र काय, कोणीही काढेल. मग खोटेपणा अडत कसा होता? चित्राने अडत नव्हता. चित्र निघताना भोवती गोत बसलेले असे, शेजारगावचे साक्षीदार असत. खरी ओळख त्यांच्या डोळ्यांत होती, कागदावर फक्त तिची खूण. आणखी एक शहाणपण त्या कागदांत आहे. सरकारी पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. का? तर मधल्या जागेत मागाहून कोणी ओळ घुसडू नये. म्हणजे ‘हा कोण’ आणि ‘याने कशाला हो म्हटले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या लोकांना ठाऊक होते. आजचे यंत्र पहिला प्रश्न विचारते आणि दुसरा पुष्कळदा गिळून टाकते.

इंग्रजी अमलात अंगठा आला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. ठशांचे शास्त्र हर्शेलला तेव्हा माहीत नव्हते. कंत्राटदाराने पुढे ‘सही माझी नाही’ म्हणू नये, एवढा धाक बसला की त्याचे काम झाले. १८९७ ला कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्याचे मोठे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केले, आणि जगभर ती साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली गेली. पिकवणारा एक आणि छाप मारणारा दुसरा, हे या मांडवात समजावून सांगायला नको.

मधल्या काळात, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढून जाळले. दख्खनचा दंगा म्हणून तो इतिहासात गेला. त्या रोख्यांवरच्या निशाण्या खोट्या होत्या असे नव्हे. निशाणी शेतकऱ्याचीच होती. भांडण होते ते निशाणीच्या वरच्या मजकुराचे, जो त्याला वाचता येत नव्हता. म्हणून १८७९ च्या कायद्यात शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद करावी लागली. दीडशे वर्षांनंतर बँक मित्राच्या टेबलावरचे लहान यंत्र आपल्यापुढे तेच कोडे घालते. त्याकडे वळण्याआधी पासवर्डची गोष्ट उरकून घेऊ.

ओळख पटवण्याचे मार्ग जगात तीनच. तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, तुमच्याजवळ असलेली गोष्ट, नाहीतर तुमचे शरीर. पासवर्ड आणि पिन पहिल्यात, एटीएम कार्ड आणि मोबाइलचे सिम दुसऱ्यात, अंगठा-डोळा-चेहरा तिसऱ्यात. पैशाच्या कामाला यातले दोन प्रकार एकत्र लागावेत, हे साधे तत्त्व. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या म्हणजे दोन कुलपे नव्हेत.

संगणकाचा पासवर्ड अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास सुरू झाला. एकच मोठा संगणक, वापरणारे अनेक, प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला. १९६२ ला तिथल्याच एका संशोधकाने जास्त वेळ मिळवण्यासाठी सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. जन्मल्यानंतर वर्षभरात पासवर्ड चोरीला गेला, आणि तोही आतल्या माणसाकडून.

एटीएमचा पिन चार आकडी का? १९६७ ला लंडनच्या एन्फिल्ड भागात बार्कलेज बँकेने पहिले यंत्र बसवले. ते ज्याने केले तो जॉन शेफर्ड-बॅरन आपल्या शिलाँगचा जन्मलेला. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला सहा आकडे हवे होते, पण चारच्या वर आकडे लक्षात राहत नाहीत, असे त्याची बायको म्हणाली. झाले, चार ठरले. चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात आणि सहाचे दहा लाख. पण चोर दहा हजार पिन कशाला चाचपडत बसेल? तो १२३४ टाकतो, जन्मसाल टाकतो, मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकतो. तेवढ्यात काम झाले नाही तर तुमचे नशीब बरे. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या एका कंपनीकडचे तीन कोटींवर पासवर्ड फुटले, तेव्हा त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेला पासवर्ड होता १२३४५६. गोरा असो की काळा, आळस सगळीकडे सारखाच.

यावर शहाण्यांनी नियम काढला. एक मोठे अक्षर घाला, एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, आणि दर तीन महिन्यांनी बदला. माणसाने काय केले? पोराच्या नावापुढे १ लावला, तीन महिन्यांनी २ केला. २०१७ साली अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच हे बळजबरीचे नियम मागे घेतले. पासवर्ड लांब असावा, फुटलेल्या यादीतला नसावा, आणि फुटल्याची शंका आल्याशिवाय बदलायला लावू नये, असे ती म्हणू लागली. मग लांब पासवर्ड लक्षात कसा राहील? एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. डवरा, चष्मा, तिकीट, हुरडा. दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून असे चार शब्द उचलले तर सोळा लाख कोटी जोड्या होतात. मात्र आम्ही सांगितलेले चार शब्द घेऊ नका, ते आता या बैठकीभर झाले. देवाचे नाव, गावाचे नाव, बैलाचे नावही नको. ते सगळ्या गावाला पाठ असते.

दुसरे असे की घर, गोठा आणि बियाण्याची खोली या तिन्हींना एकच किल्ली कोणी ठेवत नाही. मग बँकेला, ईमेलला आणि गाणी ऐकायच्या ॲपला एकच पासवर्ड कशाला? गाण्याच्या ॲपचा पासवर्ड फुटला की चोर तोच घेऊन बँकेच्या दारात जातो. लक्षात राहत नाहीत तर वहीत लिहा आणि वही पेटीत कुलूप लावून ठेवा. हे ऐकून संगणकवाले पूर्वी नाक मुरडत. पण आपल्या पेटीपर्यंत पोचायला चोराला गावात यावे लागते, कुत्रे चुकवावे लागते. पिन मात्र कार्डाच्या पाकिटावर लिहू नका. आणि ती वही केंद्रावरच्या पोराच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

आता एक गोष्ट नीट ऐका, तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. चांगली बँक तुमचा पासवर्ड साठवतच नाही. ती काय साठवते? ज्वारी जात्यात घातली की पीठ होते. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. तुम्ही पासवर्ड टाकला की संगणक त्याचे पीठ करतो आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडते. दोघांचा पासवर्ड एकच निघाला तर पीठही एकच दिसेल, म्हणून प्रत्येकाच्या दाण्यांत आधी वेगळी चिमूट टाकतात. त्या चिमटीला संगणकवाले खरोखरच मीठ म्हणतात. मॉरिस आणि थॉम्पसन या दोघांनी १९७९ साली ती रीत लिहून ठेवली. यातून निघते ते असे की तुमच्या पासवर्डचे दाणे बँकेपाशी नसतातच. तेव्हा ‘बँकेतून बोलतोय, पडताळणीसाठी पासवर्ड सांगा’ असा फोन आला तर तो बँकेचा नव्हे. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखादी कंपनी तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा पाठवून देत असेल, तर तिने दाणे न दळता उघड्यावर ठेवले आहेत. तिथून उठा.

आता ओटीपी. तो काही मिनिटांपुरता जगणारा आकडा असतो आणि तो सिमवर येतो, म्हणजे ‘तुमच्याजवळ असलेली गोष्ट’. पण सिम खरोखर तुमच्याजवळ आहे काय? आपल्या घरातली स्थिती पाहा. आधार काढले तेव्हा कोणाचा तरी नंबर दिला. मायबहिणींच्या खात्याला नंबर नवऱ्याचा नाहीतर पोराचा. पोरगा पुण्याला, ओटीपी पुण्याला, आणि माय बँकेत बाकावर. याहून वाईट म्हणजे अर्ज भरताना केंद्रावाल्याने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. त्याच्या मनात पाप नसेलही. पण ज्याच्या नंबरावर ओटीपी येतो, यंत्राच्या लेखी खातेदार तोच. तीन महिने न वापरलेले सिम कंपनी बंद करते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. तुमचे खाते मात्र जुन्याच नंबराला बांधलेले राहते. म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने बँकेत आणि आधारला कोणता नंबर लागला आहे ते पाहावे, आणि मायबहिणींच्या खात्याला त्यांचाच नंबर लावावा. साधा बटणाचा फोन चालतो. त्यावरून यूपीआय करण्याची सोयही २०२२ पासून आहे.

ओटीपी चोरण्याच्या तऱ्हा तीन-चारच, नावे रोज नवी. गोड बोलून विचारून घेणे ही सर्वांत जुनी. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नाहीतर ‘चलन’ अशा नावाची फाइल येते, ती मोबाइलमध्ये घातली की आपले मेसेज चोराला दिसू लागतात. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. तुमच्या नावाने दुसरे सिम काढले जाते, तेव्हा तुमच्या फोनची रेंज अचानक जाते आणि येत नाही. खेड्यात रेंज जाणे नवे नाही हे खरे, पण शेजाऱ्याला आहे आणि तुम्हालाच नाही असे झाले तर कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. आणि पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ओळखीच्या नावाने पैशाची ‘मागणी’ पाठवून फसवण्याचा धंदा इतका बोकाळला होता की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली.

आता अंगठा. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिले गेले. अंगठा विसरत नाही, हरवत नाही, निरक्षरालाही चालतो. हे गुण आम्ही नाकारत नाही. पण अंगठा शेतकऱ्याचा आहे, कारकुनाचा नाही. निंदणी, डवरणी, फवारणी आणि मग वेचणी. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटतात, रेषा झिजतात. कापूस विकून पैसा हाती येण्याचे दिवस आणि अंगठा यंत्रावर न उमटण्याचे दिवस एकच. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतच पडताळणी फसण्याचे अंदाज छापले आहेत : झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के. तेव्हापासून यंत्रे सुधारली आहेत, पण बोटे तीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा बहुतांशी उचलून धरला, पण पडताळणी जमली नाही म्हणून हक्काच्या माणसाला लाभ नाकारू नये, हेही स्पष्ट केले. पीएम किसानसाठी जून २०२३ पासून चेहऱ्याने ई-केवायसी करता येते, ओटीपीनेही होते. तेव्हा ‘अंगठा येत नाही, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर ऐकून घरी परतायचे नाही.

दुसरा दोष जास्त खोल आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर? दहा बोटे घेऊन जन्मलो, अकरावे सरकार देत नाही. आणि अंगठा काही गुप्त नसतो. पेल्यावर उमटतो, काचेवर उमटतो, जमिनीच्या दस्तावर तर आपण तो शाई लावून ठेवतो. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नेमके तेच केले. जमिनीच्या नोंदणीचे दस्त संकेतस्थळावरून उतरवले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. ज्यांचे अंगठे होते त्यांना पत्ताही नव्हता. त्यानंतर बोट जिवंत आहे की रबरी, हे ओळखण्याची तपासणी कडक झाली. ती अभेद्य आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आणि तिसरा दोष, सुप्याच्या बाजारातला. बँक मित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. शिल्लक पाहायला अंगठा, दोन हजार काढायला अंगठा, दहा हजार काढायलाही तोच अंगठा. अंगठ्याला काय ठाऊक आपण कशाला हो म्हणतो आहोत? ‘नाही आला, पुन्हा लावा’ असे म्हणत दोनदा पैसे काढणारे लोक याच फटीत शिरतात. बहुतेक बँक मित्र आपल्याच गावातले सरळ पोरगे आहेत, कमिशनवर राबतात, त्यांच्यावर आमचा रोख नाही. पण रीत घालून घ्या. अंगठा लावण्याआधी रक्कम मोठ्याने वदवून घ्यायची, पडद्यावर शेजाऱ्याला वाचायला लावायची, दर वेळी छापील पावती मागायची, ‘नाही आला’ याचीसुद्धा. शिवाय ज्याला अंगठ्याने पैसे काढायचेच नसतात त्याने आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवावे. आधारच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर ती सोय फुकट आहे, आणि लागेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येते. चौकशीला १९४७ हा नंबर आहे.

पुढे काय येते आहे? पासवर्डच नको, अशी एक रीत मोठ्या कंपन्यांनी २०२२ पासून आणली. तिला पासकी म्हणतात. किल्ली तुमच्या मोबाइलच्या पोटात राहते, बँकेकडे फक्त कुलूप. किल्ली कधी बाहेर जातच नाही, म्हणून फोनवर विचारून घेता येत नाही आणि बँकेचे कपाट फोडले तर चोराला नुसती कुलपे सापडतात. मोबाइलवर बोट लावून ती चालते, पण ते बोट मोबाइलच्या आतच तपासले जाते. हा फरक मोलाचा. रिझर्व बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत, १ एप्रिल २०२६ पासून, मेसेजच्या ओटीपीखेरीज अशा दुसऱ्या रीतींनाही वाट मोकळी केली. दोन खुणा हव्यातच, आणि नियम न पाळता व्यवहार होऊन नुकसान झाले तर ग्राहकाला पूर्ण भरपाई, असेही त्यात आहे. मात्र मोबाइल फुटला, हरवला, नांगरटीत मातीत गेला तर किल्ली परत कशी मिळवायची, हे आधी विचारून ठेवा. आणि जिच्याकडे स्मार्टफोन नाही त्या मायबहिणीसाठी शाखेची खिडकी उघडीच राहिली पाहिजे. नवी दारे बसवताना जुने दार भिंत घालून बंद करण्याची सवय अधिकाऱ्यांना आहे. तिथे आपण बोलले पाहिजे.

पैसे गेलेच तर लाजू नका. वकील, डॉक्टर, बँकवाले स्वतः फसले आहेत. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवायची तर पहिले काही तासच कामाचे. खात्याचा व्यवहार बँकेकडून थांबवून घ्या. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व बँकेने ठरवून दिले की चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर बोजा शून्य. त्याच वर्षी सहकारी बँकांसाठीही असा नियम निघाला. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही प्रकारांत घड्याळ महत्त्वाचे. तोंडी सांगून ‘बघतो’ ऐकून येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या, आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका.